काय करावं याचं?

मी एक जुना माईक आहे. पितळी जाळीचा, विटेसारखा जड आणि एका बाजूने किंचित चेपलेला. मित्रांनो, माझ्यासारख्या म्हाताऱ्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की शेवटी डोळे पुसतात आणि सगळ्यांना माफ करून टाकतात. मोडकी खुर्ची माफ करते, फुटकी पाटी माफ करते, गंजलेली सायकलसुद्धा माफ करते. मी केलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणाचा हिरमोड व्हायला नको.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे बायका डोळ्याला भिंग लावून ओळीने बसत. माझ्या पोटात एक पडदा आहे, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. जिने तो बसवला, तिने बसवेपर्यंत श्वास रोखून धरला होता. तेव्हापासून माणसांचे श्वास हीच माझी ओळख. माझ्यासमोर येणारा प्रत्येकजण आधी श्वास घेतो आणि मग बोलतो. तो श्वास मला शब्दांच्या आधी ऐकू येतो. त्यामुळे माणूस खरं बोलणार की थाप मारणार, याचा सुगावा मला जरा आधीच लागतो.

सुरुवातीची वर्षं मी एका सभागृहात काढली. भाषणं ऐकून ऐकून माझे कान किटले. 'दोनच शब्द बोलतो' असं म्हणणारा माणूस कधी दोन शब्दांत थांबल्याचं मला आठवत नाही. पुढे सभागृहाने नवे माईक घेतले आणि मला जुन्या सामानात काढलं. तिथून मला एका बहीणभावाने उचललं. बहीण मोठी, भाऊ धाकटा. तो तिला अक्का म्हणायचा. तिने मला हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "हा घेऊ या. याने पुष्कळ कंटाळवाणं ऐकलेलं दिसतंय, आता जरा बरं ऐकू दे बिचाऱ्याला."

त्यांच्या घरात मागच्या बाजूला सामानाची एक खोली होती. ती रिकामी करून त्यांनी भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्या, खाली सतरंज्या अंथरल्या आणि मधल्या भिंतीत एक काच बसवली. काचेच्या आत मी आणि ती. काचेच्या बाहेर तो आणि त्याचं यंत्र. त्या खोलीत ती मुलांसाठी परीकथा सांगायची आणि तो त्या ध्वनिमुद्रित करायचा. चेटकिणी, सावत्र आया, बोलणारे कोल्हे, उंच मनोऱ्यांत कोंडलेल्या मुली, सगळे त्या गाद्यांच्या खोलीत राहून गेले आहेत. गोष्टी जगभरच्या, जुन्यापुराण्या, पण त्यांना ती आपल्या पद्धतीने नव्याने घडवायची. आधी कागदावर, मग जिभेवर.

कामाची त्यांची एक रीत होती. ध्वनिमुद्रणाआधी ती हातातलं घड्याळ काढून बाहेर ठेवायची, कारण त्याची टिकटिक मला ऐकू जाते. मग आंबट सफरचंदाची एक फोड खायची. कोरड्या तोंडाचा चुटुकचुटुक आवाज येतो, तो त्याने येत नाही. 'प' आणि 'भ' म्हणताना माझ्यावर वारा आदळू नये म्हणून तिने तारेच्या कड्यावर एक जुना पायमोजा ताणून बसवला होता. "धुतलेला आहे रे," असं ती मला पहिल्या दिवशी म्हणाली होती. मला ती 'कानसेन' म्हणायची.

भावाचं काम फ्रिज बंद करण्याचं. फ्रिज घुरघुरत राहिला तर राजवाड्यातही घुरघुर ऐकू येते. एकदा तो पुन्हा चालू करायला विसरला आणि घरभर नासलेल्या दुधाचा वास सुटला. तेव्हापासून त्याने युक्ती काढली. फ्रिज बंद केला की आपल्या किल्ल्या तो फ्रिजमध्येच ठेवायचा. किल्ल्यांशिवाय घराबाहेर पडता येत नाही, म्हणून फ्रिज उघडावा लागे, आणि उघडला की आठवण व्हायची. शेजारीपाजारी हसत. "तुमच्याकडे भाज्या खिशात ठेवतात का?" असं विचारत.

ती चुकली की एकदा टाळी वाजवायची. "चुकलं. परत," असं म्हणून ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून सांगायची. नंतर भाऊ ती टाळी शोधून चुकलेला भाग कापून टाकायचा.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. तिच्या प्रत्येक गोष्टीत दुष्टाला शिक्षा होती. ती शिक्षा ती स्वतः सांगत नसे. दुष्ट माणूस दरबारात उभा राहिला की ती थांबायची. मग अगदी हळू, कुणाशी तरी कानगोष्ट करावी तसं विचारायची, "काय करावं याचं?"

आणि गप्प बसायची.

त्या गप्प बसण्याला ते दोघं 'उत्तराची जागा' म्हणत. घरोघरी अंथरुणात पडून ऐकणाऱ्या मुलांसाठी ती जागा मोकळी सोडलेली असायची. मुलं उठून बसत आणि शिक्षा ओरडून सांगत. मग गोष्टीतून तिचा आवाज यायचा, "ठरलं ना? मग तसंच झालं." बस्स. काय झालं ते ती कधीच सांगत नसे. प्रत्येक घरात वेगळं झालेलं असायचं.

ही जागा किती मोठी सोडायची, हे काचेबाहेरचा भाऊ ठरवायचा. तिने विचारलं की तो तिकडे स्वतःच मोठ्याने शिक्षा ठोकायचा. त्याचं बोलून संपलं की बोट वर करायचा आणि ती पुढे सुरू व्हायची. काच जाड, त्यामुळे त्याचे शब्द ध्वनिमुद्रणात येत नसत. मला मात्र ओठ हलताना दिसत आणि थोडं पुसट ऐकूही येई. त्याच्या शिक्षा नामी असत. "चेटकिणीला बालवाडीत शिकवायला ठेवा!" "कपटी प्रधानाला रोज स्वतःचंच भाषण ऐकवा!" ही शेवटची मला फार पटली होती. कित्येकदा तिला इतकं हसू यायचं की टाळी वाजवून परत सुरुवात करावी लागे. त्या दोघांचं हसणं मी ऐकलेलं आहे. म्हणूनच पुढचं मला जास्त लागलं.

एकदा तो तिला म्हणाला, "अक्का, शिक्षा कशाला गं? शेवटी सगळे एकत्र नाचले, असं करू या. गोड वाटतं."

ती म्हणाली, "मोठ्यांना गोड वाटतं. मुलांना ठाऊक असतं की ज्याचं खेळणं हिसकावलं त्याला आधी ते परत मिळायला हवं. नाचायचं नंतर बघू."

गोष्टींचं नाव झालं. आधी त्या कॅसेटवर होत्या, मग सीडीच्या चकत्यांवर आल्या. आजारी मुलांच्या वॉर्डात, लांबच्या प्रवासात गाडीत, जेवत नसलेल्या पोरांच्या ताटासमोर तिचा आवाज असायचा. लोक तिला गोष्टीबाई म्हणू लागले. एकदा बाजारातून हसत हसत आली. फळवाल्याने तिला विचारलं होतं, "बाई, तुमचा आवाज फार ओळखीचा वाटतो. तुम्ही ती चेटकीण तर नव्हे?"

तिला एक मुलगी होती. पाळण्यातून उतरली ती थेट माझ्या टेबलाखाली येऊन बसली. श्वासाचाही आवाज न करता ती तासन्‌तास बसायची, म्हणजे आई तिला खोलीत राहू द्यायची. मामा तिला चिमी म्हणायचा. मोठी झाल्यावर चिमीने यंत्राचं काम हाती घेतलं. टाळ्या शोधून चुका कापणारी आता ती झाली. पण उत्तराची जागा तिने कधी मोजली नाही. ती मामाचीच राहिली.

मग तिच्या आईचा श्वास कमी पडू लागला. हे सगळ्यांच्या आधी मला कळलं. वाक्याच्या मध्येच ती हवेसाठी थांबू लागली. लेकीला टाळ्या जास्त कापाव्या लागू लागल्या.

शेवटची गोष्ट एका शिंपिणीची होती. त्या दिवशी मामा नव्हता. मुलांच्या गोष्टी मोबाईलवर ऐकवणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या लोकांशी त्याची बैठक होती. काचेबाहेर लेक एकटी. आईने गोष्ट 'काय करावं याचं?' इथपर्यंत आणली आणि ती थांबली. काचेबाहेरून बोट वर झालं नाही. लेकीला वाटलं, ही जागा आपली नव्हे. आईला वाटलं असेल, धाकटा आत्ता येईल. मग तिला खोकला आला. ती म्हणाली, "राहू दे. तो आला की उद्या करू."

तो उद्या आलाच नाही. त्या गोष्टीतली जागा तशीच उघडी राहिली.

आई गेल्यावर लेकीने तिचं घड्याळ आपल्या हातात घातलं. ती रोज कामाला यायची, यंत्रासमोर बसायची. तिला कुणी रडताना पाहिलं नाही. मी ऐकलं. पण ते सांगण्यासारखं नाही.

मित्रांनो, आता मी रागावून बोललो तर समजून घ्या.

कंपनीला सगळ्या गोष्टी हव्या होत्या, पण नव्या आवाजात. एक नावाजलेली नटी ठरली. मामाने तिला अक्काच्या गोष्टी ऐकवल्या. तिने त्या शब्दाला शब्द तशाच म्हणून दाखवल्या. जिथे अक्का थबकायची तिथे ही थबकली, जिथे अक्का आवाज खाली आणायची तिथे हिने आणला. शिक्षा मात्र गाळल्या गेल्या. चेटकिणीला पश्चात्ताप झाला, सगळे एकत्र नाचले. उत्तराच्या जागा कापून टाकल्या. "एवढी शांतता ठेवली तर लोकांना वाटतं मोबाईल बिघडला," असं मामा म्हणाला. जुन्या गोष्टी जिथे जिथे ऐकायला मिळत होत्या तिथून उतरवल्या गेल्या. आणि नव्या गोष्टींच्या जाहिरातीच्या चित्रावर नटीच्या चेहऱ्याखाली अक्षरं आली, 'कथा आणि लेखन', आणि पुढे मामाचं नाव.

लेक ते चित्र घेऊन मागच्या खोलीत आली. मामा खुर्चीवर बसून चहा पीत होता.

"मामा, आईचं नाव कुठंय?"

"अगं, मुलं नाव ऐकतात का गोष्ट ऐकतात?"

"मग तुझं कशाला घातलंस?"

"कंपनीला कुणाचं तरी लागतं बाळ. हयात माणसाचं. उद्या काही विचारायचं झालं तर विचारणार कुणाला?"

"खाली बारीक अक्षरांत तरी घाल."

"बघू."

मित्रांनो, 'बघू' हा शब्द मी सभागृहातही खूप ऐकला आहे. त्याच्या आधी माणूस श्वाससुद्धा घेत नाही, इतका तो फुकटचा असतो.

"अक्काने कधी नावासाठी केलं का गं?" मामा पुढे म्हणाला. "ती असती तर हसली असती."

"ती असती तर तू हे केलं नसतंस."

मामाने कप खाली ठेवला. "चिमे, मी काय कमी केलं का? आयुष्य गेलं माझं त्या काचेमागे. माझं नाव तरी कुठं होतं इतकी वर्षं? सगळे गोष्टीबाई, गोष्टीबाई. फ्रिज बंद करणाऱ्याला कोण ओळखतं?"

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं, आणि तथ्य असलेली थाप सगळ्यात वाईट असते. लेकीने चित्राची घडी घातली आणि एवढंच म्हणाली, "मागितलं असतंस तर आईने तुझंही घातलं असतं." मग ती यंत्राकडे वळली. दुसऱ्यांदा तिने काही मागितलं नाही. मला तिचा श्वास ऐकू आला. लांब, शांत, मोजूनमापून घेतलेला. तिची आई दुष्टाला दरबारात आणण्याआधी अगदी असाच श्वास घ्यायची.

माझी रवानगी खोक्यात झाली. मोडका स्टँड, तुटके हेडफोन आणि तो पायमोजाही माझ्यासोबत. वर कुणीतरी रंगाचे डबे ठेवले. तेव्हा मी चेपलो. अंधारात मी एकच काम केलं, मी आठवत राहिलो. जपून ठेवणं हे यंत्राचं काम, माझं काम फक्त ऐकण्याचं. पण जे पुष्कळदा ऐकलं ते माझ्या जाळीत कुठेतरी अडकून राहतंच. मी मनाशी शिक्षा ठरवत होतो. एकाहून एक भयंकर. त्याला रंगाच्या डब्यांखाली ठेवा. त्याच्या घरातले सगळे फ्रिज कायमचे घुरघुरू देत.

आणि एक दिवस खोकं उघडलं. उघडणारा मामाच होता. नव्या गोष्टींचा मोठा समारंभ होणार होता, शहरातल्या मोठ्या ग्रंथालयाच्या सभागृहात. मामाला हौस आली की व्यासपीठावर टेबलावर जुना माईक शोभेला ठेवावा. त्याने मला चिंच लावून चकाकवलं. (मित्रांनो, पितळेला चिंच चांगली, पण जाळीतून आत गेली तर पडदा खराब होतो. त्याने काळजी घेतली नाही. हेही मी लक्षात ठेवलं आहे.)

"वायर नको हं याला," तो लेकीला म्हणाला. "वायर लोंबली की शोभा जाते."

"बरं," लेक म्हणाली.

समारंभाच्या आवाजाची सगळी व्यवस्था तिच्याकडे होती. व्यासपीठावर माझ्याशेजारी एक नवा, सडपातळ, बिनवायरचा माईक ठेवला होता. सभागृह उघडण्याआधी लेक एकटी आली. तिने टेबलावरच्या कापडाखालून वायर आणली आणि हलक्या हाताने मला जोडली. कितीतरी काळाने माझ्यात जीव आला. मग तिने नव्या माईकच्या पोटातल्या बॅटऱ्या काढल्या आणि पर्समध्ये टाकल्या. त्या पोराचा तसा काही दोष नव्हता. पण मला वाईट वाटलं म्हणाल, तर अजिबात नाही.

सभागृह भरलं. पुढे सतरंजीवर मुलं, मागे खुर्च्यांवर त्यांचे आईबाप. हे आईबापही लहानपणी गोष्टीबाईंच्याच गोष्टींवर वाढलेले. नटी मात्र आली नव्हती. गाडी रस्त्यात अडकली होती. मुलं आधी चुळबुळली, मग एकमेकांच्या चपला फेकू लागली. एक आजोबा उठून घड्याळ दाखवू लागले. मामा घामाघूम झाला. त्याने नवा माईक उचलला, तर तो मुका. शेवटी लेकीच्या कानाशी लागून म्हणाला, "चिमे, तू सांग गं काहीतरी. चार घटका वेळ काढ. तुझ्यात तिचंच रक्त आहे."

"कुठली सांगू?"

"कुठलीही सांग!"

"याच्यावर सांगते मग," ती म्हणाली आणि माझ्यासमोर बसली. मामा खाली उतरून पहिल्या रांगेत बसला, दाराकडे डोळे लावून.

लेकीने मनगटावरचं घड्याळ काढून बाजूला ठेवलं. श्वास घेतला. मला वाटलं, ती परत आली.

"थंडीच्या राज्यात एक शिंपीण होती," लेकीने सुरुवात केली. सतरंजीवर शांतता पसरली. "ती लहान मुलांसाठी अंगरखे शिवायची. तिने शिवलेला अंगरखा घातला की कितीही बर्फ पडो, थंडी वाजायची नाही. कारण प्रत्येक अंगरख्याच्या आत, काळजाजवळ, ती एक इवलासा पक्षी विणायची. तो पक्षी तिची खूण होती, आणि ऊब त्या पक्ष्यातच होती. तिच्याजवळच एक शिंपी सुईत दोरा ओवायला शिकला होता. शिंपीण वारली. तेव्हा त्या शिंप्याने काय केलं? सगळे अंगरखे गोळा केले. एकेक पक्षी उसवून काढला आणि त्या जागी आपल्या नावाची चकाकती पट्टी लावली. अंगरखे दिसायला छान दिसू लागले. पण जिथे पक्षी होता तिथून वारा आत शिरू लागला. राज्यातली मुलं रात्रभर कुडकुडू लागली. एका मुलीने पट्टी उचकटून पाहिली, तर आत पक्ष्याच्या आकाराचं भोक. राजाने शिंप्याला दरबारात उभं केलं."

लेक थांबली. मग अगदी हळू म्हणाली,

"काय करावं याचं?"

आणि गप्प बसली.

मित्रांनो, त्या सभागृहात काय झालं ते नीट ऐका. मुलं एकमेकांकडे पाहू लागली, कारण नव्या गोष्टींत कुणी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. मागचे आईबाप मात्र खुर्च्यांत ताठ झाले. त्यांना ही जागा ओळखीची होती. आणि पहिल्या रांगेत, दाराकडे डोळे लावून बसलेल्या माणसाचं तोंड आपोआप उघडलं. गोष्ट त्याने अर्धीमुर्धीच ऐकली होती. पण तो प्रश्न, ती शांतता! इतकी वर्षं ती शांतता त्यानेच भरली होती. झोपेतही त्याने भरली असती.

"त्याच्याच हातात सुई द्या!" मामा गरजला. "जेवढे पक्षी उसवले तेवढे परत शिवायला लावा, साऱ्या गावासमोर! आणि टाका चुकला की उसवा, परत पहिल्यापासून!"

सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. मामाने सवयीने बोट वर केलं. झालं माझं, पुढे चल.

वर केलेलं ते बोट तसंच राहिलं. कारण लेक त्याच्याकडे पाहत होती, आणि आता त्याला गोष्ट कळली होती.

"ठरलं ना?" लेक म्हणाली. "मग तसंच होऊ दे. ही माझ्या आईची शेवटची गोष्ट. तिने ती अर्धी सोडली होती, मामासाठी. आज ती पूर्ण झाली. आज इथे ज्या गोष्टींचा समारंभ आहे, त्या सगळ्या माझ्या आईने लिहिल्या आणि सांगितल्या. चित्रावर तिचं नाव नाही. तिथे दुसरी पट्टी आहे."

आवाज चढला नाही, कापला नाही. तिने फक्त सांगितलं. मागून ते घड्याळ दाखवणारे आजोबा उठले. "गोष्टीबाईंच्या गोष्टी या? मला वाटलंच! माझ्या नातीला सांगतोय केव्हापासून, या गोष्टी इथं थांबायच्या म्हणून!"

"तरीच यांतली चेटकीण नाचते," एक आई म्हणाली. "आमची कधी नाचली नव्हती."

पुढच्या सतरंजीवरची एक दात पडलेली मुलगी मामाकडे बोट दाखवून म्हणाली, "शिंपी तुम्ही आहात का?"

तेवढ्यात नटी धावतपळत आत आली. "सॉरी सॉरी! कुठपर्यंत आलंय?"

"शिक्षेपर्यंत," ती मुलगी म्हणाली.

मामा व्यासपीठावर चढला. त्याला चढावंच लागलं, एवढी माणसं पाहत होती. तो माझ्यासमोर आला आणि श्वास घेतला. तो श्वास थाप मारणाऱ्याचा होता. मग त्याने तो सोडून दिला आणि दुसरा घेतला. "नाव लागेल," तो म्हणाला. "प्रत्येक गोष्टीआधी. मी स्वतः सांगेन."

"आणि तिचा आवाज?" लेकीने विचारलं.

"तोही."

"आणि उत्तराच्या जागा?"

मामाने मान हलवली.

"मामा, मान हललेली ऐकू येत नाही."

"त्याही," मामा म्हणाला.

पुढे कंपनीने कुरकुर केली. पण त्या सभागृहातल्या आईबापांनी तिला सळो की पळो करून सोडलं. नटीही म्हणाली की दुसऱ्याच्या गोष्टी अशा नाव पुसून सांगायला मी काही तयार झाले नव्हते, माझा आवाज काढा. तेव्हा कंपनी नमली.

मग मी परत गाद्यांच्या खोलीत आलो. पायमोजा धुऊन पुन्हा ताणला गेला. लेक काचेबाहेर बसली. या वेळी आत मामा होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो काचेच्या आत, माझ्या बाजूला आला होता. येताना त्याने फ्रिज बंद केला आणि सवयीने किल्ल्या आत ठेवल्या. लेकीने ते पाहिलं. क्षणभर तिचा चेहरा हलला. मग तिने यंत्र सुरू केलं.

त्याला एवढंच म्हणायचं होतं : ही गोष्ट लिहिली आणि सांगितली अमुक यांनी. अमुकच्या जागी बहिणीचं पूर्ण नाव. सोपं वाटतं ना? पण जन्मभर त्याने तिला अक्काशिवाय हाक मारली नव्हती. तिचं नाव त्याच्या तोंडात परक्यासारखं आलं. पहिल्यांदा घाईत म्हटलं.

लेकीने काचेबाहेर टाळी वाजवली. मामाच्या हेडफोनमध्ये तिचा आवाज आला, "चुकलं. परत."

दुसऱ्यांदा नावाचं शेवटचं अक्षर गिळलं. टाळी. "परत."

मग नाव पुटपुटला. मग नको तिथे जोर दिला. मग 'प' माझ्यावर आदळला. "परत." एक गोष्ट झाली की दुसरी. प्रत्येक गोष्टीसाठी वेगळं म्हणायचं, जुनं उचलून जोडायचं नाही, असं लेकीने ठरवलं होतं. शेवटची गोष्ट शिंपिणीची. तिच्यात आईचा आवाज प्रश्नापाशी थांबतो, आणि त्यानंतर पुढचं काही नाही. लेकीने तिथे स्वतःचं 'ठरलं ना?' जोडलं नाही. ती जागा तिने मोकळीच ठेवली.

त्या गोष्टीआधीचं नाव म्हणताना मामाला रडू कोसळलं. नाव म्हटलं आणि त्याला जोडूनच "अक्का गं" असं निघालं, आणि पुढे नुसता हुंदका. खोलीतल्या गाद्यांनी तो शोषून घेतला. मी मात्र पूर्ण ऐकला. सांगतो, तो खरा होता. इतक्या वर्षांत या खोलीत त्याने माझ्यासमोर घेतलेला तो पहिला खरा श्वास.

लेक बराच वेळ काचेतून पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला दिसलं नाही. काचेवर दिव्याचा उजेड होता.

मग ती शांतपणे म्हणाली, "मामा, भरून आलं की अक्षरं पुसट होतात. मुलांना नाव स्पष्ट ऐकू यायला हवं."

आणि टाळी वाजवली.

"परत."

मित्रांनो, आता मी सुखात आहे. माझ्यासारखा एखादा जुना माईक तुमच्या हाती आला तर त्याच्यावर फुंकर मारू नका, टिचक्या मारून 'हॅलो हॅलो' करू नका, मऊ कोरड्या फडक्याने हलकेच पुसा आणि वर रंगाचे डबे ठेवू नका. आणि कुणी तुम्हाला एखादी गोष्ट ऐकवली, की शेवट ऐकण्याआधी विचारा, ही कुणी सांगितली? नाव आठवत नसेल तर शोधा. मुद्दाम कुणी उसवलं असेल, तर त्याच्याच हातून परत शिवून घ्या. मी ऐकतो आहे.

ठरलं ना?